तू फुडे जा, मी इलंयच

माझ्याबरोबर चालायला कुणी तयार नसतं. नवरा म्हणतो, तुझ्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे तुझी पाठ बघत बाजारात जायचं. बँकेत होते तेव्हा दुपारी जेवणानंतर पाय मोकळे करायला आम्ही चौघीजणी खाली उतरायचो, पण कोपऱ्यावरच्या केळेवाल्यापर्यंत पोहोचेस्तोवर मी एकटीच असायची. त्या तिघी मागे, हसत, खिदळत. मी मात्र ठरलेला फेरा पुरा करून त्यांच्या आधी जागेवर येऊन बसायची आणि वर मान करून बघायची, जणू मला कुणी पहिल्या नंबराचा कप देणार होतं.

ही चाल बाबांची. बाबा आधी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर एका कारखान्याच्या गेटवर पहारेकरी म्हणून बसू लागले. घर पहिल्यापासून कांजूरमार्गला, आईबाबा शेवटपर्यंत तिथेच राहिले. मी लहान असताना रविवारी नातेवाइकांकडे जायचं झालं की बाबा पुढे, आई मागे, आणि मध्ये एक हातगाडी आरामात वळवता येईल एवढी जागा. घरातून बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात आई तिच्या मालवणीत म्हणायची, "तुमी फुडे जावा, मी इलंयच." मग बाबा सुटायचे. ते कधीच मागे वळून बघायचे नाहीत, पण प्रत्येक वळणावर थांबायचे. पाठमोरेच, दुसऱ्याच कशासाठी तरी थांबल्यासारखे. दोनदा खाकरायचे. मागून आईच्या चपलांचा आवाज आला की पुन्हा चालू लागायचे. मी त्यांचं बोट धरून जवळजवळ पळत असायची आणि मला फार अभिमान वाटायचा. आईची मात्र दया यायची. बिचारी.

ही दया मी पुढे बरीच वर्षं जपली. एकदा महिला दिनाला बँकेत मी त्यावर भाषणही ठोकलं होतं. 'माझी आई आयुष्यभर दहा पावलं मागे चालली' असं त्याचं पहिलं वाक्य होतं. टाळ्या पडल्या. एका साहेबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. ते भाषण मी तेव्हा आईला ऐकवलं नाही हे एक बरं झालं, ते का ते पुढे येईलच.

गेल्या वर्षी बाबा गेले आणि आईला मी बोरीवलीला माझ्या घरी घेऊन आले. ती आली, गॅलरीशेजारच्या खुर्चीत बसली, आणि मग बसूनच राहिली. तसा त्रास काही नव्हता. जेवायची, मालिका बघायची, भाजी निवडायची. फक्त दाराबाहेर पाऊल टाकायची नाही. खाली सोसायटीत बायका बसतात, चल, म्हटलं तर नको. देवळात? नको. "माझां काय रवलाय भायर?" एवढंच म्हणायची. गंमत म्हणजे रोज सकाळी अंघोळ करून चांगली साडी नेसायची, वेणी घालायची, चपला दाराशी सरळ लावून ठेवायची. एखाद्या बाईची गाडी खाली यायची असावी तशी तयार. मला वाटलं, सवय असेल. मला पुष्कळ गोष्टी सवयच वाटतात.

मग तिचे पाय सुजायला लागले. घरी बोलावलेला डॉक्टर तरुण होता, पण आडपडदा न ठेवणारा. मला स्वयंपाकघरात नेऊन म्हणाला, "मॅडम, आज्जींना चालवा. यांना आजार काही नाही. पण आत्ता चालल्या नाहीत तर आणखी काही महिन्यांनी चालायचं म्हटलं तरी उठता येणार नाही." त्या रात्री मला झोप लागली नाही. आई खुर्चीत अशीच हळूहळू मुरत जाणार आणि मी स्वयंपाकघरातून तिच्या भोवती वेगात येरझारा घालत राहणार, हे चित्र डोळ्यासमोरून हलेना.

पण मी पडले लीडर. आमच्या बिल्डिंगच्या रविवारच्या ट्रेकवाल्या ग्रुपमध्ये माझं नाव 'मॅडम एक्सप्रेस' आहे, आणि ते मी कौतुकानेच घेत आले आहे. मी ठरवलं, आईला सोसायटीच्या आवारात गोल गोल फिरवायचं नाही, तिला निसर्गात न्यायचं. झाडं, पाखरं, मोकळी हवा. म्हाताऱ्या माणसांना, गुडघेदुखीवाल्यांना, व्हीलचेअरवाल्यांना, सगळ्यांना जमेल अशी एक सोपी वाट शोधून काढायची. मी ग्रुपवर विचारलं. पटापट उत्तरं आली.

ट्रेकवाल्यांच्या 'सोपं' या शब्दावर एकदा कोणीतरी बंदी आणली पाहिजे. "मुलुंडची टेकडी घ्या, एकदम सोप्पी, बच्चा लोग पण करतात." मी एकटीच जाऊन बघून आले. बच्चा लोग करत असतील, चार पायांवर. उतरताना मुरूम घसरला आणि शेवटचा टप्पा मी बसल्या बसल्या पार केला. मागून एक कुटुंब येत होतं, त्यांना मी सांगितलं की मी दगडांचा अभ्यास करते आहे. मग जोगेश्वरीच्या गुंफा बघितल्या. तिथे पायऱ्या पायऱ्या आणि पायऱ्या. मग कुणीतरी म्हणालं, खाडीच्या बाजूला जा, सगळं सपाट आहे, नशीब असेल तर फ्लेमिंगो दिसतात. मी गेले. खरंच सपाट होतं. फ्लेमिंगोही दिसले, लांब, गुलाबी ठिपके. तेवढ्यात वारा फिरला आणि कचरा डेपोचा वास असा आला की नाक मुठीत धरून मी परत फिरले. घरी आल्यावर खुर्चीतून आईने हुंगलं आणि कितीतरी दिवसांनी तिचे डोळे चमकले.

"कांजूरक गेलल्यास?"

"जवळच होते. का गं?"

"वास इलो," ती म्हणाली. "आपलो वास." आणि पुन्हा टीव्हीकडे वळली.

शेवटी उत्तर घराजवळच निघालं, नॅशनल पार्क. मेन गेटमधून आत गेलं की सरळ डांबरी रस्ता, दोन्ही बाजूंनी सावली, मध्ये मध्ये बाकं, कडेने नदी. चढ जवळजवळ नाहीच. मी चालून बघितला, माझ्या वेगाने, आणि निकाल देऊन टाकला की एकदम सोपा आहे. वाटेत बाकं किती अंतरावर आहेत, रस्त्याची कड कुठे फुटली आहे, हे काही मी बघितलं नव्हतं. मला सगळ्याच वाटा सोप्या वाटतात, कारण मी त्या बघतच नाही, संपवते.

वाट मिळाली, आता आईला खुर्चीतून उठवायचं कसं? डॉक्टरचं नाव सांगून झालं. रागावून झालं. एकदा तर मी भावूक होऊन तिच्या पायाशी बसले, तर ती म्हणाली, "उठ, थंय लादी पुसूची आसा." मग मला एक युक्ती सुचली, जिचा मला आजही थोडा गर्व आहे. मी पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. रविवार सकाळ. औषध मारल्यावर दुपारपर्यंत घरात थांबता येत नाही, विशेषतः म्हाताऱ्या माणसांना. अशा रीतीने झुरळं आणि आई यांना मी एकाच दिवशी घराबाहेर काढायचं ठरवलं. नवऱ्याला जिन्यात थांबून लक्ष ठेवायला सांगितलं. तो म्हणाला, "झुरळांवर की तुझ्यावर?"

आईने आकांडतांडव केलं नाही. फक्त विचारलं, "लांब आसा?"

"नाही गं. इथेच."

"हंयच म्हणून तुझो बापूस माका एकदा ठाण्याक चालवीत घेऊन गेल्लो," ती म्हणाली आणि चपलांत पाय घातले.

मी तिच्यासाठी खास ट्रेकिंगची काठी आणली होती, लांबी कमीजास्त करता येते अशी. तिने ती उलटसुलट करून बघितली, "म्हाताऱ्यांची आसा," म्हणाली आणि आपली काळी लांब छत्री घेतली. जानेवारी महिना. ती काठी मग मलाच धरावी लागली. डोक्यावर मानेला झालर असलेली टोपी, पाठीवर सॅक, पायांत जाड बूट, हातात काठी, अशी मी, आणि शेजारी सुती साडी, चपला आणि छत्री अशी आई. बघणाऱ्याला वाटलं असतं, ही म्हातारी मला डोंगरावर पोहोचवायला आली आहे.

रिक्षा गेटवर सोडून आम्ही आत गेलो. रविवारची सकाळ, ही गर्दी. भाड्याच्या सायकलींवरून किंचाळत जाणारी पोरं, हात वर करून हा हा हा हसणारा गुजराती काकांचा घोळका, काकडी, पेरू, आवळे घेऊन बसलेल्या पाड्यांवरच्या बायका. मी सुरुवात केली. "आई, हे बघ, केवढं झाड! कसा गारवा आहे ना? ऐक, पाखरू ऐक." मोबाइलमध्ये पानं ओळखायचं ॲप घेतलं होतं, ते एका झाडापुढे धरलं. ॲपने बराच विचार करून ते टोमॅटो असल्याचं सांगितलं. झाड तीन मजली होतं.

आईने झाडाकडे ढुंकूनही बघितलं नाही. "झाडां काय, गावाक पण आसत," म्हणाली. ती बघत होती एका जोडप्याकडे. बायको भराभर बोलत होती, नवरा मोबाइलमध्ये. मग तिने एका डब्याकडे बघितलं, त्यात काय आहे ते दिसेपर्यंत थांबली, ढोकळा निघाला, मग हलली. मी निसर्ग दाखवायला आणलं आणि ही बघत बसली डबे. मला राग आला. खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात मी एकटी असते तर नदीवरच्या पुलापाशी पोहोचले असते. माझे पाय नुसते जागच्या जागी वळवळत होते. तिला ते कळलं असणार.

"तू फुडे जा," ती म्हणाली, "मी इलंयच."

आणि मी गेले. आई चालती झाली पाहिजे म्हणून एवढा खटाटोप केला, आणि तिला सोडून मीच चालू लागले. वाक्य कानावर पडलं आणि पायांनी ऐकलं, डोकं मागाहून आलं. पुलापाशी पोहोचल्यावर मी कमरेवर हात ठेवून, श्वास मोकळा करून, अभिमानाने मागे बघितलं. सायकली होत्या, हसणारे काका होते, आई नव्हती.

थोडा वेळ थांबले. आली नाही. समोर 'बिबट्यांचा वावर आहे' असा बोर्ड. दिवसाढवळ्या एवढ्या गर्दीत बिबट्या कशाला येईल, हे मला कळत होतं, तरी तो बोर्ड मी दोनदा वाचला. कितीतरी महिन्यांत घराबाहेर न पडलेली, सुजल्या पायांची बाई. पडली असेल. चक्कर आली असेल. मोबाइल ती वापरत नाही. मी पळत सुटले. सॅक पाठीवर आपटतेय, टोपीची झालर तोंडावर येतेय, "एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी", आणि त्या सपाट, सावलीच्या, सगळ्यांना जमेल अशा रस्त्यावर एक गतिरोधक होता. शोधमोहिमेत तो माझ्या लक्षात आला नव्हता. मी सपशेल तोंडावर आपटले. काठी एकीकडे, मी एकीकडे.

हसणाऱ्या काकांनी हसणं थांबवलं. खूप वेळ हा हा हा ऐकल्यावर ती शांतता फार वाईट वाटते. दोघांनी मला उचलून कडेच्या बाकावर बसवलं. पाय मुरगळला होता, जमिनीवर टेकवत नव्हता. मी म्हणत होते, "माझी आई, माझी आई हरवलीय." एक काका फार मायेने म्हणाले, "बेन, तमे बेसो, मम्मी आवशे." साठीला आलेली बाई, डोळ्यांत पाणी, आई हरवली म्हणून बाकावर बसलेली.

आणि मग वळणावरून आई आली. सावकाश. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मीठ-तिखट लावलेली काकडी. तिच्या बाजूने एक व्हीलचेअर, त्यात तिच्याच वयाच्या बाई, मागे ढकलणारी त्यांची सून. तिघींच्या हातात काकडी. त्या दोघींनी हात हलवून निरोप घेतला आणि पुढे गेल्या. आई माझ्यासमोर उभी राहिली.

"पडलंस काय गो?"

"कुठे होतीस तू?" मी जवळजवळ ओरडलेच. "वाट लागली माझी!"

"हंयच. तुका सांगितलंय मां, इलंयच म्हणून? मग इलंय." ती बाकावर बसली, काकडीचा अर्धा तुकडा मोडून मला दिला. "त्या बाईंची गाडी ह्या रस्त्यावर ढकलूक बरी मेळता म्हणाली सून. दर रविवारी येतत. सून चांगली आसा. हळू ढकलता."

टोमणा मला बरोबर पोचला. मी काकडी खाऊ लागले. माझा जीव भांड्यात पडला होता, पण तोंड अजून गप्प बसायला तयार नव्हतं. "आई, मी चुकले. बाबा पण तुला असंच मागे टाकून जायचे. आयुष्यभर तू मागे चाललीस." भाषणातलं पहिलं वाक्यच होतं ते, थोडं बदलून.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. तोंडावर पदर धरून.

"अगो, ते खंय मागे टाकतले? मी तेंका फुडे धाडी. बरोबर चालले की ह्यां नको, तां नको, चल, उशीर झालो. ते फुडे गेले की माका बगूक मेळायचा. कोणाच्या दारात काय, कोण भांडता, कोणाची साडी नवी. घर सोडून माका तेवढीच मजा."

माझ्या भाषणाचं काय झालं ते मी सांगत नाही. त्या साहेबांचे डोळे मात्र फुकट पुसले गेले.

हसता हसता आई थांबली. काकडीचं देठ तिने पदराच्या टोकात बांधून ठेवलं, कचऱ्याचा डबा दिसेपर्यंत. मग रस्त्याकडे बघत म्हणाली, "हॉस्पिटलात पण तसांच झाला."

बाबांच्या शेवटच्या संध्याकाळी मी तिथे नव्हते. कसलंसं इंजेक्शन आणायला खाली गेले होते, अर्थात धावत. आले तोवर संपलं होतं. खोलीत आई एकटीच होती, आणि तिथे काय झालं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"तेंचो श्वास असो अडकत होतो. जीव जात नव्हतो. माझो हात धरून रवलेले. मी म्हटलंय, तुमी फुडे जावा, मी इलंयच." तिने पदराची गाठ घट्ट केली. "आणि गेले. लगेच. माझां ऐकलां."

मी काकडी खायची थांबले.

"मग घराक येऊन बसलंय. म्हटलां, तेंका सांगलंय तर तयार रवूक व्हया. उगाच भायर खंय फिरूचा?"

रोजची ती चांगली साडी, वेणी, दाराशी सरळ लावलेल्या चपला. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, मी चहाचा कप घेऊन रोज त्या खुर्चीला वळसा घालून जात होते. मला रडू आलं. पायासाठी आलं असं काकांना वाटलं आणि त्यांनी लांबून बाम दाखवला.

"मग आता?" मी विचारलं.

आई समोर बघत होती. एक बाप पोराला सायकल शिकवत होता, पोरगं वाकडंतिकडं जात होतं, ते दिसेनासं होईपर्यंत तिने बघितलं.

"आता काय," ती म्हणाली. "थांबतले. वळणावर थांबतत ते, सवय आसा तेंका. उशीर झालो तर खाकरतले." मग छत्री टेकून उठली. "त्या बाईंका मी पुढच्या रविवारी येतंय म्हणून सांगलंय. चल. झुरळां मेली असतील."

परतीच्या वाटेवर मी काठी टेकत, लंगडत निघाले. काठी म्हाताऱ्यांची आहे हे आईचं म्हणणं बरोबरच होतं. दर थोड्या अंतरावर मला बाक लागत होतं, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की त्या रस्त्यावर बाकं फार कमी आहेत. आई माझ्यासाठी थांबत होती, पण तिचे पाय आता चालायला सरावले होते, आणि पुढे कुठेतरी दोन बायकांचं कडाक्याचं भांडण लागलं होतं. तिची मान सारखी तिकडे वळत होती.

"आई," मी म्हटलं, "तू हो पुढे. मी आलेच."

ती गेली. मागे वळून न बघता, छत्री काखेत मारून, सुजल्या पायांनी हळूहळू, पण सरळ. वळणापाशी पोहोचली आणि थांबली. पाठमोरीच, भांडण ऐकत असल्यासारखी. मग दोनदा खाकरली. माझ्या बुटांचा आणि काठीचा आवाज जवळ आल्यावर ती पुन्हा चालू लागली.